माझा आवाज, दुकानाचा नंबर

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मला माझ्या नावानं हाक मारणारं कुणीच नव्हतं. सगळे म्हणायचे, "भाववाल्या बाई." एका अडत दुकानात मी फोनवर बसायची. शेतकऱ्यानं माल आणायचा, त्याचा लिलाव व्हायचा आणि मधल्या मधे दुकानाला अडत, म्हणजे दलाली, सुटायची, असा तो धंदा. मोंढ्यात अशी दुकानं ओळीनं आहेत. मग शेतकऱ्यानं आमच्याच दारात गाडी का लावावी? तर भाववाल्या बाईनं सकाळी कापसाचा भाव सांगितला म्हणून. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. पुढं जे झालं ते कळायला आधी हे कळलं पाहिजे.

तेव्हा रीत होती मिसकॉलची. सकाळचा लिलाव सुटला की दुकानाचा मोबाईल टेबलावर नाचायला लागायचा. एक घंटी वाजायची, की कट. भाव विचारायला स्वतःचे पैसे कोण घालवतो? मी नंबर बघायची आणि उलटा फोन लावायची. नंबरावरनं माणूस ओळखू यायचा. हा पाथरी रोडचा म्हातारा, ह्याला आधी तब्येत विचारायची, मग भाव. ही बाई स्वतः शेती बघते, हिला आधी भाव, मग बाकीचं. हा एक मास्तर, ह्याला कितीही सांगितलं तरी परत एकदा मिसकॉल देणारच. "मास्तर, पोरं एकदा सांगितल्यावर ऐकतात का तुमचं?" असं मी विचारायची, तर खी खी हसायचे.

माझी एक खोड होती. मी कधीच वरचा भाव सांगितला नाही. सगळ्यात वरचा भाव एखाद-दुसऱ्या गाडीला लागतो, माल पांढराशुभ्र, कोरडा आणि काडीकचरा नसलेला असला तर. बाकीची दुकानं तोच भाव गावोगाव वाजवायची. शेतकरी हरखून गाडी भरून यायचा आणि आपल्या कापसाला काय लागलं ते बघून तोंड पाडून जायचा. मी मधला भाव सांगायची. म्हणायची, "वरचा लागला तर मला पेढे आणा, न्हाई लागला तर शिव्या देऊ नका." पेढे लय खाल्ले मी त्या दुकानात. शिव्या एकदाही नाही.

आमच्या थोरल्या मालकांना ही खोड पसंत होती. ते म्हणायचे, "बाई, गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा तोंड बी दाखवत न्हाई. आपली बरकत तुमच्या जबानीवर हाय." मालकाच्या तोंडून असं ऐकल्यावर माणूस काम करतोच की. नवरा शाळेत क्लार्क, घरचं भागत होतं. पण दुकान मला घरापेक्षा जवळचं वाटायचं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं होतं. तो म्हणायचा, "मग तिथंच अंथरूण टाक."

माझं माहेर मानवतपासून जवळच्या एका खेड्यात. भाऊ माझ्याहून धाकटा, शेती तोच करतो. जमीन बरी, हातही बरा, पण डोकं संशयी. मोंढ्यातल्या कुठल्याच माणसावर त्याचा इतबार नव्हता. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, मधल्या खोलीत छतापर्यंत. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची, भावजय कावून जायची. पण हा हलायचा नाही. मी दुकानात लागल्यावर मात्र त्यानं एकच कायदा केला. आक्कानं "आण" म्हटलं की आणायचा. आक्का गप असली की ठेवायचा. बघता बघता त्याची भावकी, शेजारी, अर्धी आळी ह्याच कायद्यानं चालायला लागली. गावात कुणी विचारलं, "कापूस कधी काढायचा?" तर भाऊ म्हणायचा, "आक्काला इचारून सांगतो." त्याची त्यात ऐट होती आणि माझीही.

मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. धाकटे मालक पुण्याला शिकून आले होते, त्यांनी गादी धरली. मला काकू म्हणायचे. माणूस गोड, बोलणं मऊ. आल्या आल्या त्यांनी दुकान पालटायला घेतलं. भिंतीवर वायफायचा डबा लागला. काट्यावर वजन झालं की आकडा थेट मालकांच्या फोनमधे. पावती निघणार खिशात मावेल एवढ्या मशिनीतून, तिलाही वायर नाही. आमचे मुनीमजी दोन दिवस त्या मशिनीभोवती फिरले. "वायर न्हाई तर करंट कुठनं यायलाय?" असं सारखं विचारायचे. दसऱ्याला त्यांनी तराजूबरोबर त्या वायफायच्या डब्यालाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचा हार घातला. हारामुळं नेट जाईल का म्हणून मालकांनाच विचारलं. सगळे हसलो.

मुनीमजी कुरकुरायचे, हमाल कुरकुरायचे, मी मात्र धाकट्या मालकांच्या बाजूनं. मला नवं काही शिकायचं म्हटलं की हौस. पावतीची मशीन मी सगळ्यांच्या आधी शिकले आणि मुनीमजींना शिकवलं. आणि शेतकऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचं ठरलं तेव्हा तर सगळी धाव माझीच. एका एका शेतकऱ्याला फोन करून मी म्हणायची, "या ग्रुपला. मी हाय की तिथं." कुणाकडं साधा फोन असला तर त्याच्या लेकाचा नंबर घ्यायची, जावयाचा घ्यायची. काही जण बिचकत होते. एकजण म्हणाला, "बाई, ग्रुपमधे काय बी येतं, आमाला खरं-खोटं कळत न्हाई." मी म्हणाले, "खरं-खोटं मला कळतंय ना? मग झालं तर." अजून आठवतं ते वाक्य. माझ्याच तोंडचं.

आवाजाची कल्पना धाकट्या मालकांची. ते म्हणाले, "काकू, एकेकाला कुठं फोन करत बसता? एकदाच बोला, तमाम गावांना जाईल. लिहिलेलं लोक वाचत न्हाईत, तुमचा आवाज ऐकतेत." पहिल्या दिवशी मी लय लाजले. दुकानात हमालांचा गलका, म्हणून गोदामात सरकीच्या पोत्यांमागं जाऊन उभी राहिले. "राम राम मंडळी. मी दुकानातनं बोलायले," असं म्हटलं आणि पुढचं विसरलेच. तिसऱ्या खेपेला जमलं. भाव सांगितला, मधला. ओल असलेला माल उन्हात घालून मग आणा म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत ग्रुपवर हात जोडलेल्यांची ही रांग! भाऊ फोन करून म्हणाला, "आक्का, हाटेलात तुजा आवाज लावला व्हता मोठ्यानं. हाटेलवाल्यानं मला च्या फुकट पाजला, भाववाल्या बाईचा भाऊ म्हणून." त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी नेली.

सगळं हंगामभर झकास चाललं. मिसकॉल बंद पडले. मला थोडं सुनं सुनं वाटायचं, कारण आता मी बोलायची आणि पलीकडून कुणी बोलत नव्हतं. म्हाताऱ्याची तब्येत कळत नव्हती, मास्तर हसत नव्हते. पण काम सोपं झालं होतं आणि गाड्या वाढल्या होत्या, तक्रार कशाची करणार?

पुढच्या हंगामात ऐन कापसाच्या दिवसांत माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, गंगाखेडला. मामी म्हणून मला आधी जाणं भाग होतं. मी सुट्टी मागितली. धाकटे मालक म्हणाले, "जा की काकू, घरचं कार्य हाय. पण ग्रुप ओस पडंल बगा. एक करा. चार-पाच मेसेज बोलून ठेवा. एक भाव चढल्याचा, एक टिकल्याचा, एक पडल्याचा. ज्या दिवशी जसा बाजार असंल तसा मी सोडतो. आकडा खाली मी लिहीन."

मला त्यात काय वावगं दिसणार? उलट बरं वाटलं. आपल्यावाचून ह्यांचं अडतं, ह्या विचारानं माणूस फुगतोच. मी गोदामात गेले आणि बोलून दिलं. चढल्याचं बोलताना आवाजात जरा हुरूप आणला, पडल्याचं बोलताना जरा धीर दिला. चढल्याचं असं होतं, "राम राम मंडळी. कापसाला आज उठाव लय चांगला हाय. घरात माल असंल तर गाडी भरा आणि या. मी सांगायले म्हणून या." शेवटचं वाक्य मालकांनी सुचवलं होतं. "तेवढं म्हणा काकू, त्याला वजन येतं." म्हटलं मी. मायबाई, म्हटलं!

लग्नाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात हळदीची गडबड चालली होती. बायका माझ्याभोवती, मी बांगड्या भरायले. मागच्या बाजूला चहा पीत बसलेल्या माणसांत कुणीतरी फोन लावला आणि माझा आवाज आला, "राम राम मंडळी." नणंद म्हणाली, "आगं, हे तर तूच!" सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा अभिमानच वाटला. इथंपर्यंत माझा आवाज आला! पदर सावरून मी त्या माणसांकडं गेले आणि सांगितलं, "तो आवाज माझा हाय."

फोनवाला नवऱ्या मुलाकडचा होता, मानवत भागातलाच शेतकरी. त्यानं मला खालून वर बघितलं. म्हणाला, "तुमी इथं, आन् आवाज तिथं? आन् बाई, उठाव कशाचा म्हणायलात? भाव परवापासनं पडायलाय. माझा मेव्हणा जिनिंगच्या कारखान्यात हाय, त्यानं कालच सांगितलं, आणू नको म्हणून."

तो मेसेज आजचा. पडल्याचा आवाजही मी बोलून ठेवला होता, तो सोडायचा होता. चुकून दुसरा गेला असेल, असंच मला वाटलं. खरंच सांगते, त्या घडीलाही मालकांवर माझा संशय नव्हता. उलट त्यांना कळवून वाचवावं म्हणून मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, कट केला. मग त्यांचा मेसेज आला, "काकू, लग्नाचा आनंद घ्या. इथलं सगळं ठीक हाय."

मग भावाला लावला. मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी विचारलं, "कुठं हाईस?"

"मोंढ्यात. लाइनीत. ही लाइन लागलीय आक्का! आमच्या गावच्याच गाड्या हाईत चार-पाच. घर मोकळं केलं सगळं. तुजी भावजय खूश हाय."

"आरं, कुणी सांगितलं आणायला?"

तो हसला. "कुणी म्हणजे? तूच की सकाळी. मी सांगायले म्हणून या, म्हणलीस न्हवं?"

मी पुढं काही सांगायच्या आत फोन कट झाला. अक्षता पडायच्या आत मामी निघून गेली, हे नणंदेनं आजवर मला माफ केलेलं नाही. मी काहीबाही सांगून बाहेर पडले. गंगाखेडहून परभणी, परभणीहून मानवत, दोन्ही एसट्या खचाखच भरलेल्या. अंगावर लग्नातली पैठणी, हातात हिरवा चुडा, बाया जागा देत होत्या आणि विचारत होत्या, "कुणाचं लग्न झालं?" मी भावाला सारखी फोन लावत होते, गाडी रिकामी करू नको म्हणून सांगायला. लागत नव्हता. अख्ख्या मोंढ्यात त्या दिवशी माणसांची एवढी गर्दी की रेंज मिळत नव्हती म्हणे.

पोचले तेव्हा दुपार कलली होती. आमच्या दुकानापासून पार फाटकाबाहेर टेम्पो उभे. कापूस वरपर्यंत खच्चून भरलेला, वरून जाळी. लिलावाचा भाव जाहीर झाला होता, कालच्याहूनही खाली, आणि तो ऐकून माणसं गाड्यांच्या सावलीला गप बसली होती. माल आणला तर आणला, परत कसा न्यायचा? टेम्पोवाला परतीचं भाडं सोडत नाही. हमालांचं उलटं काम कोण करणार? आणि घरी नेऊन पुन्हा तोच ढीग. हे सगळं धाकट्या मालकांना पक्कं माहीत होतं. एकदा गाडी फाटकाच्या आत आली की शेतकरी मिळेल त्या भावाला माल टाकून जातो. त्यांची एका जिनिंगमधे भागी होती आणि तिथं कापूस कमी पडत होता, हे मला नंतर कळलं. बाजार पडायला लागल्यावर लोकांनी माल घरात दाबला होता. तो बाहेर काढायला त्यांना कुणाचा तरी शब्द पाहिजे होता. माझा वापरला.

मी तशीच आत गेले. धाकटे मालक गादीवर बसून फोनवर होते. मला बघून म्हणाले, "काकू! लग्न सोडून आलात?"

"चढल्याचा आवाज कुणी सोडला?"

"मीच."

"भाव पडला असताना?"

"सकाळी उठाव होताच की थोडा. दुपारी बाजार बसला. बाजार काय माझ्या हातात हाय का?" आवाज तसाच मऊ. मग मुनीमजींकडं बघून हसले आणि मला म्हणाले, "बसा काकू, पाणी घ्या. तुमी कशाला जिवाला लावून घ्यायलात? भाव मी लिहिला. तुमी फक्त बोललात."

"मी फक्त बोलले? लोक माझ्या बोलण्यावर आलेत! माझा सख्खा भाऊ आलाय लाइनीत!"

"मग चांगलंच हाय की. त्यांचा काटा आधी करायला सांगतो."

मला असा संताप आला की हातातला चुडा टेबलावर आपटून फोडावासा वाटला. मी म्हणाले, "मालक, तुमी केसानं गळा कापला माझा. माझ्या आवाजाला हात लावायचा तुमाला काय हक्क?"

तेव्हा तो मऊपणा गेला. माणसाचे खायचे दात मी त्या दिवशी बघितले. म्हणाले, "फोन दुकानाचा. नंबर दुकानाचा. पगार दुकान देतंय. ग्रुप दुकानाचा. मग त्यातला आवाज तेवढा तुमचा एकटीचा कसा?"

मुनीमजी खाली मान घालून बसले होते. ज्या माणसाला मी मशीन शिकवली, त्यानं माझ्याकडं वर तोंड करून बघितलंही नाही. थोरल्या मालकांना लावला त्यांच्या घरी फोन, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आता कारभार त्याचा हाय. माझे दिवस गेले." एवढंच. ज्यांनी माझ्या जबानीला बरकत म्हटलं होतं, ते! पोरानं केलं ते वाईट, एवढं तरी एकदा मला म्हणायचं. तेही झालं नाही. धाकट्याचा दगा मला कळतो, तो व्यापारी आहे. थोरल्यांचा आजही पचत नाही.

मी बाहेर आले आणि लिलावाच्या ओट्यावर चढले. पैठणी नेसलेली बाई ओट्यावर चढली म्हणून माणसं उठून आली. मी ओरडून सांगितलं, "मंडळी, सकाळचा आवाज आजचा न्हवता. मी गंगाखेडला लग्नात होते. आधी बोलून ठेवलेला आवाज मालकांनी सोडलाय. भाव पडलाय हे मला म्हाईत बी नव्हतं."

एकजण म्हणाला, "मग बोलून ठेवलाच कशाला?" दुसरा म्हणाला, "बाई, आता सांगून काय उपेग? गाडी तर आत आली." मागून कुणीतरी म्हणालं, "हिचं बी काही असंल त्यात." मी त्या दिशेला बघितलं. पाथरी रोडचा म्हातारा तिथं उभा होता. तो बोलला नव्हता, पण बोलणाऱ्याला त्यानं गपही केलं नाही.

भाऊ पुढंच उभा होता. त्याच्या मागं आमच्या गावची माणसं, जी त्याच्या भरवशावर आली होती. मी ओट्यावरून उतरले आणि त्याचा हात धरला. म्हटलं, "आरं, तू तरी ऐक. मला यातलं काय बी ठाऊक नव्हतं. शपथ माय‌ची."

त्यानं हात सोडवला नाही. पण माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी कुणी सोयरीक सांगायला आलेली परकी बाई. म्हणाला, "आक्का, सकाळी तूच बोललीस. आता बी तूच बोलायलीस. मी कोणतं खरं धरू?"

"हे खरं धर! मी समोर उभी हाय तुज्या!"

"व्हय," तो म्हणाला, "पर मी माल तर सकाळच्यावर आणला ना." मग गावकऱ्यांकडं वळून त्यानं सांगितलं, टाका आता, देतेत त्या भावाला. पहिली त्याचीच गाडी रिकामी झाली. मी तिथंच उभी होते, त्यानं परत माझ्याकडं बघितलं नाही.

नोकरी मी त्याच वेळी सोडली. सोडली म्हणजे दुकानाच्या फोनला हातही न लावता घरी आले. मग लक्षात आलं, लोकांना कळवायचं कसं? इतकी वर्षं ज्या नंबरावरून मी गावोगाव बोलले तो माझा नव्हताच. भाऊ सोडला तर एकाही शेतकऱ्याकडं माझा स्वतःचा नंबर नव्हता आणि माझ्याकडं कुणाचाच नाही, सगळे त्या दुकानाच्या फोनमधे. जीव लावून गोळा केलेली माणसं एका डब्यात ठेवली होती आणि डबा दुसऱ्याचा.

त्यावर कळस म्हणजे पुढचे कितीतरी दिवस ग्रुपवर माझे जुने आवाज येत राहिले. शेजारच्या बाईनं ऐकवला. मी घरात भाकरी थापायले आणि तिकडं मी राम राम घालायले! पिठाचे हात तसेच घेऊन मी दुकानात गेले. धाकटे मालक म्हणाले, "हो हो, बंद करतो, राहूनच गेलं." जसं काही दुकानाची जुनी पाटी काढायची राहून गेली होती. नंतर एका पोरीचा आवाज यायला लागला. चांगली बोलते म्हणतात. वरचाच भाव सांगते.

माहेरी गेले मी, मुद्दाम. भावाला बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं ऐकलं, मान डोलावली, म्हणाला, "जाऊ दे आक्का. तुजी चूक न्हाई, मला कळतंय." भावजयीनं चहा केला, निघताना ओटी भरली. काही कमी केलं नाही कुणी. पण आळीतून जाताना ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. आणि भावानं त्या हंगामात, त्याच्या पुढच्याही हंगामात, मला एकदाही भाव विचारला नाही. मी आपण होऊन काही सांगायला लागले की म्हणायचा, "बगू." घरातला कापूस आता तो वेचणी झाली की लगेच फुंकून टाकतो, मिळेल त्या भावाला. भावजयीला खाज सुटत नाही, तेवढं बरं झालं.

मी मनाला समजावत होते की हे कापसापुरतं आहे. घरच्या गोष्टीत भाऊ भाऊच आहे.

ह्या वर्षी मायच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, परभणीला. मोतीबिंदू, साधं काम. भावाची सोयाबीन काढणी चालली होती, मजूर दारात उभे, म्हणून मी म्हटलं, "तू येऊ नको, आम्ही दोघं हाव." मी आणि नवरा मायला घेऊन गेलो. तासाभरात झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छान झालं. मायला बाहेर आणलं तर ती चहा मागायली. मी व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला. म्हटलं, "झालं रे. एकदम चांगलं झालं. माय बोलायलीय, चहा मागायलीय. काळजी करू नको, काढणी उरक."

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं आक्का."

फोन ठेवला. मी पर्समधे टाकतेय तोवर शेजारी बाकावर बसलेल्या नवऱ्याचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं, तो कायम स्पीकर लावूनच बोलतो. भावाचाच आवाज होता.

"दाजी, आक्का म्हणती मायचं चांगलं झालं. खरं हाय का?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "हो. खरं आहे."

"तुमी सोता बगितलं का मायला?"

"बघितलं."

"मग झालं," भाऊ म्हणाला आणि मोकळा श्वास सोडला. तो श्वाससुद्धा मला ऐकू आला.

नवऱ्यानं फोन माझ्यापुढं केला. हळूच म्हणाला, "घे, तूच बोल त्याच्याशी." मी नको म्हणून मान हलवली. बोलायचं म्हणजे परत आवाजच.